दशावतार आणि डार्विन: ओढूनताणून जुळवलेली पत्रिका

'डार्विनने 1859 मध्ये सांगितलं ते आपल्या दशावतारात आधीच होतं' हा मेसेज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. आधी पाण्यातला मासा, मग पाणी-जमीन दोन्हीकडचं कासव, मग जमिनीवरचा वराह, अर्धा पशू अर्धा माणूस नरसिंह, बुटका वामन, शेवटी पूर्ण मनुष्य. वाचताना छान वाटतं.

मौज अशी, की ही जुळणी डार्विननंतरची आहे. अध्यात्म-गूढविद्येला वाहिलेल्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या हेलेना ब्लाव्हाट्स्की यांनी ती 1877 मध्ये मांडली, ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी 1882 मध्ये. म्हणजे उत्क्रांती आधी कळली आणि मग अवतारांत दिसू लागली. मुलाची पत्रिका हातात आल्यावर मुलीची बेतून घेतली, तर छत्तीस गुण जुळणारच!

कासवाचंच बघा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत येते, मागच्या पायांनी खड्डा उकरते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. जन्म समुद्रात काढणारा हा जीव अंड्यांसाठी किनाऱ्यावर का येतो? कारण कवचाच्या अंड्यातल्या पिलाला हवा लागते. पाण्यात ते गुदमरून मरेल. असं अंडं जमिनीवरच्या पूर्वजांकडून आलेलं आहे. श्वासही ती फुप्फुसांनीच घेते. समुद्री कासवं ही जमिनीवरून पाण्यात परतलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांची वंशज आहेत. मासा आणि वराह यांच्यामधली पायरी म्हणून आपण ज्याला उभं करतो, त्याचा प्रवास नेमका उलट दिशेचा. वराह तर आपला पूर्वज नाहीच. तो दूरचा भाऊबंद, आणि माणसापेक्षा देवमाशाच्या अधिक जवळचा.

पुराणांच्या बाजूनेही हिशेब लागत नाही. भागवताच्या पहिल्या स्कंधातल्या यादीत वराह दुसरा, मत्स्य दहावा, कूर्म अकरावा. महाराष्ट्रात कित्येक जुन्या चित्रांत नवव्या जागी बुद्धाऐवजी विठोबा दिसतो. आणि युगांची दिशा? सत्ययुगात धर्म चार पायांवर, कलियुगात एकावर. ही चढत्या प्रगतीची गोष्ट नसून उतरणीची आहे. धर्माची ग्लानी झाली की देव अवतरतो, हा तिचा गाभा. त्या गोष्टीला जीवशास्त्राचं प्रमाणपत्र कशाला हवं?

खरा घोटाळा शिडीच्या चित्रात आहे. खालच्या पायरीवर मासा, वरच्या पायरीवर आपण, असं काही नसतं. उत्क्रांती म्हणजे फांद्या फुटत जाणं. चिंपांझी आणि माणूस यांचा समान पूर्वज साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. त्यातली एक फांदी इकडे आली, एक तिकडे गेली. शिडी डोक्यात पक्की असली की 'माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला?' हा प्रश्न बिनतोड वाटतो. जानेवारी 2018 मध्ये केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादला हाच मुद्दा मांडला होता: माकडाचा माणूस झालेला पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे लिहिलं-सांगितलेलं नाही, सबब डार्विन चूक. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना संयुक्त निवेदन काढून याचा प्रतिवाद करावा लागला. मला गंमत वाटते ती वेगळीच. 'ग्रंथात आहे म्हणून डार्विन बरोबर' आणि 'ग्रंथात नाही म्हणून डार्विन चूक' ही माणसं एकमेकांच्या विरोधात वाटतात, पण दोघांचा तराजू एकच. जीवाश्म, डीएनए यांकडे बघायला दोघांनाही सवड नाही.

श्रद्धा आणि उत्क्रांती एका डोक्यात नांदू शकत नाहीत, असं मात्र मुळीच नाही. हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे भाविक ख्रिस्ती होते आणि अमेरिकेत डार्विनची बाजू त्यांनीच जोरात लढवली. त्यांना वाटे, जीवांत होणारे बदल ईश्वर योग्य वाटेला लावत असावा. डार्विनला हे पटेना. मे 1860 मधल्या पत्रात त्याने ग्रेंना इक्न्यूमन गांधीलमाशीची आठवण करून दिली. तिच्या अळ्या सुरवंटाला जिवंतपणी आतून खात वाढतात. दयाळू, सर्वशक्तिमान देवाने हे मुद्दाम घडवलं असेल, हे माझ्या मनाला पटत नाही, असं त्याने लिहिलं. ग्रेंची श्रद्धा ढळली नाही, मैत्रीही तुटली नाही. दोघांचं भांडण अर्थाबद्दल होतं; पुराव्यात कुणी फेरफार केली नाही.

अमेरिकेत डार्विनवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. आपल्याकडे त्याला तसा विरोध झाला नाही, आपण त्याला घरचाच म्हणून टाकलं आणि मग समजून घ्यायचं राहून गेलं. 2023 मध्ये केंद्राची शालेय पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, तेव्हा 1800 हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक वगैरेंनी पत्रावर सह्या करून हरकत घेतली. तो विषय आता तिथे थेट बारावीच्या जीवशास्त्रात भेटतो. म्हणजे कॉमर्सला गेलेल्या मुलाला वर्गात भेटणारच नाही, भेटेल तो फोनवरचा दशावतार. आपल्या राज्य मंडळाने मात्र, मंत्र्यांच्या त्या भाषणाच्याच वर्षी, दहावीच्या नव्या विज्ञान भाग 2 चं पहिलंच प्रकरण दिलं: 'आनुवंशिकता व उत्क्रांती'.