तुऱ्याच्या पिशवीतल्या डांबरगोळ्या

लष्करी टोपीवरचा पिसांचा तुरा, मग तो ग्रेनेडियर्सचा पांढरा असो वा अन्य रेजिमेंटचा, प्लास्टिकच्या पिशवीत डांबरगोळ्यांसह बांधून माळ्यावर टाकला की वर्षानुवर्षे टिकतो, हा मुंबईतल्या अनेक घरांत चालत आलेला समज चुकीचा आहे.

पीस लोकरीप्रमाणेच केरॅटिन या प्रथिनाचे असते आणि ते कुरतडते ती कसरीची अळी. उडणारा पतंग नव्हे. डांबरगोळीच्या वाफेने अळी मरायची तर ती वाफ हवाबंद जागेत दाट साठावी लागते, आणि गाठ मारलेल्या पिशवीत तसे सहसा होत नाही. उलट पावसाळ्यात, हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना, आत कोंडलेला दमटपणा बुरशीला आयतेच आमंत्रण देतो. शिवाय ती वाफ माणसालाही अपायकारक असते.

शंका आल्यास तुरा पांढऱ्या कागदावर हलकेच झटकावा. वाळूसारखे कण आणि तुटके तंतू पडले, तर अळी आत असण्याची शक्यता आहे. असा तुरा घट्ट बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावा (पिशवीचा खरा उपयोग एवढाच) आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नये, अन्यथा पिसांवर दव धरते. एरवी आम्लरहित कागदाचा आधार देऊन तो पुठ्ठ्याच्या पेटीत, पिसे न दबता, कोरड्या कपाटात ठेवावा. रंगवलेला तुरा धुऊ नये, रंग उतरतो; मऊ ब्रशने दांड्याकडून टोकाकडे धूळ काढणे पुरेसे असते. फार जुन्या पिसांवर पूर्वी आर्सेनिक लावलेले असू शकते, म्हणून ती हातमोजे घालूनच हाताळावीत.