कंपनीविरुद्ध मानवी हक्क आयोगाकडे तक्रार: अर्ज कुठे अडकतो आणि कसा लिहावा

प्रेस मशीनवर कामगाराची बोटं जातात. कारखान्याच्या सांडपाण्याने गावाची विहीर नासते. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटली नाही म्हणून मुकादम ऊसतोड कुटुंबाला गावी जाऊ देत नाही. असं काही घडलं की कुणीतरी सुचवतं, "मानवी हक्क आयोगाकडे टाका अर्ज." अर्ज जातो आणि काही आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर येतं: तक्रार दाखल करून घेण्यायोग्य नाही. घटना खरी असते, फोटो असतात, दवाखान्याची कागदपत्रं असतात. तरीही अर्ज पडतो, कारण बहुतेक वेळा तो भलत्याच माणसाविरुद्ध लिहिलेला असतो.

आयोग ज्या कायद्यावर चालतो तो मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३. त्याच्या कलम १२ नुसार आयोग दोन गोष्टींची चौकशी करतो: लोकसेवकाने स्वतः केलेला किंवा त्याच्या मदतीने झालेला हक्कभंग, आणि हक्कभंग रोखण्यात लोकसेवकाने केलेली हयगय. लोकसेवक म्हणजे सरकारी अधिकारी-कर्मचारी. खासगी कंपनी, ठेकेदार, मुकादम यांचा त्यात उल्लेख नाही. "अमुक कंपनीने आमच्या मानवी हक्कांचं उल्लंघन केलं, कारवाई व्हावी" एवढंच लिहिलेला अर्ज वाचणारा कारकून पहिल्या पानावरच बाजूला ठेवतो, आणि नियमांनुसार त्याचं चुकलेलं नसतं.

मग सरकारी धोरणात कंपन्यांची जबाबदारी कुठेच नाही का? आहे, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये जबाबदार व्यवसायाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली. एकूण नऊ तत्त्वांपैकी पाचवं थेट मानवी हक्कांचं आहे: व्यवसायाने मानवी हक्कांचा आदर करावा आणि त्यांना चालना द्यावी. कागद चांगला आहे, पण पाळणं ऐच्छिक. त्याच्या आधारे कुणाला नोटीस काढता येत नाही. त्यानंतर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२१ मध्ये बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपन्यांसाठी व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल आणला. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना तो २०२२-२३ पासून बंधनकारक आहे. म्हणजे कंपनीने माहिती द्यायची आहे, पण ती खोटी निघाली तर जखमी कामगाराने कुठल्या खिडकीवर जायचं हे त्यात लिहिलेलं नाही. एक खातं तत्त्वं लिहितं, दुसरं अहवाल मागवतं, आणि तक्रार ऐकायला बसलेल्या आयोगाच्या कायद्यात कंपनी नाही. तीन दशकांत ही फट बुजवायला कुणाला सवड मिळालेली नाही.

तरीही वाट आहे. गुजरातेत गोध्रा, बालासिनोर भागातल्या क्वार्ट्‌झ दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूरकडचे आदिवासी मजूर कामाला जायचे. दगडाच्या भुकटीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊन ते गावी परतून मेले. धूळ कारखान्यांची होती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस केली ती मात्र गुजरात सरकारला, कारण कारखाने तपासणं हे सरकारी यंत्रणेचं काम होतं आणि ते झालं नव्हतं. पैसे द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयातून यायला २०१६ उजाडलं. २०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या लेखापरीक्षण कंपनीतल्या तरुण कर्मचारी मुलीच्या मृत्यूची आणि कामाच्या ताणाची आयोगाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हाही अहवाल मागवला तो केंद्रीय कामगार मंत्रालयाकडून.

अर्जाची रचना याच धर्तीवर करायची. कंपनीने काय केलं ते लिहायचंच, पण आरोपाचं टोक त्या अधिकाऱ्याकडे ठेवायचं ज्याचं काम हे रोखण्याचं होतं आणि ज्याने ते केलं नाही. यंत्र, स्फोट, धूळ यांसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. सांडपाणी आणि धुरासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालय. किमान वेतन बुडवलं, बालकामगार ठेवले तर कामगार आयुक्तांचं स्थानिक कार्यालय. उचलीपोटी माणसं अडकवली असतील तर जिल्हाधिकारी आणि तहसीलदार, कारण वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, १९७६ ची अंमलबजावणी जिल्हा दंडाधिकाऱ्यावर आहे आणि दक्षता समितीही त्याच कायद्यात आहे. या शेवटच्या प्रकारात बाजू विशेष भक्कम असते, कारण वेठबिगारी कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्याचं काम सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच राष्ट्रीय आयोगाकडे दिलं आहे. फक्त अर्जात "उचल" एवढंच लिहून थांबू नका. काम सोडून जाण्याची मोकळीक नव्हती, हे सविस्तर लिहा: कुणी अडवलं, कधी, सामान किंवा बैल ठेवून घेतले का, पोरांना थांबवून घेतलं का.

आता ज्या कागदापायी सगळं अडतं त्याकडे येऊ. अधिकाऱ्याने हयगय केली असं म्हणायचं तर त्याला आधी कळवलं होतं हे दाखवावं लागतं. लोक सांगतात, "साहेबांना चारदा भेटलो, फोन केला, ते म्हणाले बघतो." हे सगळं खरं असतं आणि कागदावर त्यातलं काहीच नसतं. म्हणून आयोगाकडे जाण्यापूर्वी त्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. आवक शाखेतला माणूस "ठेवून जा, साहेब आल्यावर बघतील" म्हणाला तर ठेवून जाऊ नका. शिक्का देत नसतील तर तीच तक्रार स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, किंवा 'आपले सरकार' पोर्टलवर टाकून टोकन क्रमांकाचा छापील कागद काढा. ईमेल केलाच तर कार्यालयाच्या अधिकृत पत्त्यावर. साहेबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोन निळ्या खुणांवर विसंबू नका. पोच हातात आल्यावर थोडे दिवस जाऊ द्या आणि माहिती अधिकारात विचारा: माझ्या तक्रारीवर काय कार्यवाही झाली, या कारखान्याची शेवटची पाहणी कधी झाली, अहवालाची प्रत द्या. महाराष्ट्रात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. तीस दिवसांत उत्तर आलं तर पुरावा मिळाला. "माहिती उपलब्ध नाही" आलं तर तो बऱ्याचदा आणखी चांगला पुरावा असतो.

अर्जातला गाभ्याचा परिच्छेद साधारण असा असावा: "दि. ... रोजी या कार्यालयात लेखी तक्रार दिली (आवक क्र. ...). पाहणी झाली नाही. त्यानंतर दि. ... रोजी त्याच यंत्रावर आणखी एक कामगार जखमी झाला. कार्यवाही न करणारे अधिकारी: पदनाम ..., कार्यालय ...." नाव माहीत नसेल तर पदनाम चालतं. विशेषणांची गरज नाही. तारखा हव्यात.

तारखांवरून दुसरी मोठी फसगत होते. कलम ३६ प्रमाणे घटनेला एक वर्ष उलटल्यावर आयोग, राष्ट्रीय असो वा राज्याचा, चौकशी करत नाही. हे वर्ष घटनेच्या दिवसापासून मोजतात. खात्याचं उत्तर ज्या दिवशी आलं किंवा माहिती अधिकाराचं अपील ज्या दिवशी संपलं, त्या दिवसापासून नाही. आधी खात्याकडे, मग माहिती अधिकार, मग पहिलं अपील असं करता करता अकरा महिने कधी जातात कळत नाही. वर्ष संपत आलं असेल तर माहिती अधिकाराच्या उत्तरासाठी थांबू नका. पोच जोडून अर्ज टाका, बाकीचे कागद मागून पाठवा. त्रास आजही चालू असेल, म्हणजे नाल्यात सांडपाणी अजून येतंय किंवा माणसं अजून अडकलेली आहेत, तर तसं पहिल्याच परिच्छेदात लिहा आणि सर्वांत अलीकडची तारीख द्या.

तिसरी अडचण: प्रकरण न्यायालयात असेल तर आयोग हात लावत नाही. नोकरीतून काढलं, बढती रोखली, ग्रॅच्युइटी दिली नाही, हे सेवाविषयक किंवा औद्योगिक वाद धरले जातात आणि फेटाळले जातात. जमिनीच्या मालकीचा वाद, कराराचे पैसे यांचंही तेच. अशा माणसाने आयोगाच्या मागे महिने घालवू नयेत. नोकरीचा वाद असेल तर थेट कामगार आयुक्तांकडे जावं, तिथे मुदती वेगळ्या पळत असतात. निनावी अर्ज कचऱ्यात जातो. पण पीडितानेच सही करायला हवी असं नाही, त्याच्या वतीने कुणीही तक्रार करू शकतं. नोकरी जाण्याची भीती असेल तर युनियनच्या किंवा संस्थेच्या पदाधिकाऱ्याच्या नावाने करा. अहवाल मागवताना अर्जाची प्रत संबंधित कार्यालयाकडे जाते, आणि तिथून ती कंपनीच्या एचआरच्या टेबलावर पोचणार हे धरूनच आत कुणाची नावं घालायची ते ठरवा.

कुठला आयोग? मुंबईत महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग आहे, गोव्याचा स्वतंत्र आहे, दिल्लीत राष्ट्रीय. राज्याच्या यंत्रणेची हयगय असेल तर राज्य आयोग जवळचा. राज्य आयोगाला राज्यघटनेतल्या फक्त राज्य सूची आणि समवर्ती (केंद्र-राज्य सामाईक) सूचीतले विषय हाताळता येतात. खाणीतल्या कामगारांची सुरक्षा हा संघ (केंद्राच्या) सूचीतला विषय आहे, त्यामुळे चंद्रपूर किंवा वणीच्या कोळसा खाणीतला अपघात, ज्याची तपासणी खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे असते, तो राष्ट्रीय आयोगाकडेच न्यावा. दोन्हीकडे एकदम टाकू नका. एका आयोगापुढे प्रकरण असलं की दुसरा ते घेत नाही. आणि मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या निवेदनाखाली "प्रत माहितीसाठी: मानवी हक्क आयोग" असं लिहून पाठवण्याची जी सवय आहे ती सोडा. अर्ज आयोगालाच उद्देशून हवा.

बाकीचं सोपं आहे. शुल्क नाही, तिकीट नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलं तरी चालतं. राष्ट्रीय आयोगाकडे टपालाने किंवा पोर्टलवरून अर्ज करता येतो. पीडिताचं नाव, वय, पत्ता, घटनेचं ठिकाण आणि तारीख, अधिकाऱ्याचं पदनाम, काय मागणी आहे आणि इतर कुठे प्रकरण चालू आहे का, एवढं हवं. जोडायचं ते पोच, दवाखान्याचे कागद, हजेरीपत्रक किंवा वेतनचिठ्ठी असेल तर ती. ठेकेदाराच्या कामगाराकडे वेतनचिठ्ठी बहुधा नसतेच. मग गेटपास, ईएसआयचं कार्ड, बँकेत जमा झालेल्या पगाराची नोंद, काहीही चालवून घ्या. "आयोगाचा फॉर्म" विकणारे आणि ओळखपत्र गळ्यात घालून "मानवी हक्क संघटना" चालवणारे भेटतील. त्यांचा आयोगाशी संबंध नसतो, त्यांना पैसे देऊ नका.

कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध आणि मोठी असेल तर आणखी एक कागद जोडा. वर सांगितलेला जबाबदारी व शाश्वतता अहवाल तिच्या वार्षिक अहवालात असतो, त्यातला तत्त्व ५ चा, म्हणजे मानवी हक्कांचा, तक्ता काढा. बालकामगार, सक्तीची मजुरी, वेतन, लैंगिक छळ यांच्या तक्रारी वर्षभरात किती आल्या हे त्यात लिहिलेलं असतं. त्याच वर्षी तुम्ही कंपनीला लेखी तक्रार दिली असेल आणि तक्त्यात शून्य असेल, तर दोन्ही पानं शेजारी लावा. आयोग त्यावरून कंपनीला शिक्षा करणार नाही, पण पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला "आम्हाला काही माहीत नव्हतं" हे कंपनीचं उत्तर स्वीकारणं जड जातं.

अर्ज दिल्यावर आधी डायरी क्रमांक मिळतो. ती फक्त आवक नोंद. केस क्रमांक नंतर पडतो. बऱ्याचदा आदेश असा येतो: तक्रार संबंधित अधिकाऱ्याकडे योग्य कार्यवाहीसाठी पाठवली आहे, त्यांनी तक्रारदाराला सहभागी करून घेऊन आठ आठवड्यांत कार्यवाही करावी, प्रकरण निकाली. 'निकाली' वाचून काही जण हरलो समजून फाइल बांधून ठेवतात, काही पेढे वाटतात. दोन्ही घाईचं. आदेशाची प्रत घेऊन त्याच अधिकाऱ्याच्या कार्यालयात जा, माझा जबाब घ्या असं लेखी द्या, आणि त्यावरही आवक क्रमांक घ्या. आठ आठवडे उलटूनही काही हललं नाही, तर तोच केस क्रमांक लिहून आयोगाला पुन्हा कळवायचं आणि सोबत ही नवी पोच जोडायची.