आऊट काढला, पण ताण बघितला का?

पावसाळा सरला की मुंबईतल्या सायकलवाल्यांकडे एकच मागणी सुरू होते: ‘जरा आऊट काढून द्या.’ चार महिने खड्डे आणि उचकटलेले पेव्हर ब्लॉक झेलल्यावर चाक डुलणारच. कारागीर हां हां म्हणता ते सरळ करतो, ब्रेक घासायचा थांबतो आणि आपण खूश. मग थोड्याच दिवसांत मागच्या चाकाचा स्पोक तुटतो आणि शिव्या कारागिराला बसतात. त्याने तुम्ही सांगितलं तेवढं केलं होतं. ताणाचं कुणी बोललंच नव्हतं.

आऊट म्हणजे रिम, चाकाची बाहेरची धातूची कडी, डावी-उजवीकडे किंवा वर-खाली डुलणं. ते डोळ्यांना दिसतं. सायकल उलटी करा, चाक फिरवा, ब्रेक शू आणि रिममधली फट कमी-जास्त होते का बघा. डिस्क ब्रेक असेल तर फोर्कला केबल टाय बांधून त्याचं टोक रिमजवळ आणा.

ताण म्हणजे एकेक स्पोक रिमला किती जोराने ओढून धरतो ते. अगदी सरळ फिरणाऱ्या चाकातही हा ताण स्पोकागणिक कमी-जास्त असू शकतो. स्पोक आळीपाळीने हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, डाव्या आणि उजव्या बाजूला जातात. एक उजवा सैल पडला आणि शेजारचा डावाही तेवढाच सैल केला, की रिम गपगुमान जागेवर येते. आऊट गेला, पण तिथला आधारही गेला. चाक फिरताना जमिनीकडे आलेल्या स्पोकचा ताण दर फेरीला उतरतो आणि पुन्हा चढतो. आधीच सैल असलेला स्पोक तिथे पार ढिला पडतो, निपल (स्पोक रिमला धरून ठेवणारा छोटा नट) हळूहळू उलटं फिरायला लागतं आणि स्पोक आणखी सैल होतो. धातू थकतो, आणि बहुतेकदा हबपाशी वाकवलेल्या जागीच तुटतो. म्हणूनच, ‘फार आवळल्यामुळे तुटला असणार’ हा आपला लाडका अंदाज बऱ्याचदा चुकतो.

घरी ताण बघायला कान पुरतो. तंबोऱ्याची तार छेडावी तसा स्पोक नखाने छेडा, दोन स्पोक एकमेकांना ओलांडतात ती जागा आणि निपल यांच्या मधोमध. एका बाजूचे सगळे ओळीने वाजवा. सूर साधारण सारखा यायला हवा. मध्येच एखादा ‘टण्ण’ऐवजी ‘थब्ब’ बोलला की तो सापडला. सूर जरासाच उतरला तरी सोडू नका: एक सप्तक चढायला ताण चौपट व्हावा लागतो, म्हणजे सुरात थोडा वाटणारा फरक ताणात बराच मोठा असतो. आकडा मात्र कान सांगत नाही. गिअरच्या सायकलला मागे, गिअरकडच्या बाजूला साधारण १०० ते १२० किलो ताण असतो. तो मोजायला टेन्शन मीटरच लागतं.

डाव्या बाजूची तुलना उजवीशी करू नका. मागच्या चाकात गिअरकडचे स्पोक डावीकडच्यांपेक्षा बरेच घट्ट असतात आणि ते बरोबरच आहे. दोन्हीकडे सारखा सूर लावायला गेलात तर रिम मध्यावरून सरकेल.

उलटाही प्रकार असतो: सूर सारखे, तरी चाक आऊट. मग रिमच वाकलेली. ती स्पोकनी ओढून सरळ केली तर सगळा ताण बिघडतो. रिम बदललेली बरी.

आपल्या खाऱ्या हवेत निपल गंजून धरतात. आधी तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा. चावी निपलच्या मापाचीच घ्या, ढिली चावी कडा खाते. टायरकडून बघितल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की स्पोक घट्ट होतो. एका वेळी पाव फेरा, आणि प्रत्येक पाव फेऱ्यानंतर चाक फिरवून पुन्हा आऊट बघा.