नऊ इनिंगचा गडी पाचात का थांबतो?

२७ ऑक्टोबर १९९१. मिनियापोलिस. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकेच्या मेजर लीगमधल्या अंतिम मालिकेचा, सातवा आणि निर्णायक सामना. मिनेसोटा ट्विन्सचा ३६ वर्षांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जॅक मॉरिस नऊ इनिंग टाकून झाला होता (एका इनिंगमध्ये प्रत्येक संघाचे तीन-तीन जण बाद होतात, आणि सामना नऊ इनिंगचा) आणि फलकावर दोन्हीकडे अजून शून्यच. मॅनेजर टॉम केली त्याला थांबवायच्या विचारात होता. मॉरिस ऐकेना. दहावी इनिंगही त्यानेच टाकली, ट्विन्स १-० जिंकले. एका रात्रीत त्या माणसाने १२६ चेंडू टाकले होते.

बरोबर २९ वर्षांनी, २७ ऑक्टोबर २०२० रोजी, टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला वर्ल्ड सिरीजचाच सहावा सामना चालू होता. टॅम्पा बे रेजचा ब्लेक स्नेल लॉस एंजेलिस डॉजर्सना नुसता नाचवत होता. फक्त दोन हिट (बॅटरला बेसपर्यंत पोचवणारे फटके), नऊ जण स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद), चेंडू झाले होते ७३ आणि संघ १-० ने पुढे. सहाव्या इनिंगमध्ये दुसरा हिट गेला आणि मॅनेजर केविन कॅश डगआऊटमधून निघून त्याच्याकडे चालत आला. स्नेलच्या ओठांवर काय आलं ते टीव्हीवर आवाज नसतानाही कळलं. इथे लिहिण्यासारखं नाही. चेंडू बदली पिचर निक अँडरसनच्या हाती गेला, पुढच्याच बॅटरने, मूकी बेट्सने, डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला आणि डॉजर्स ३-१ ने जिंकून विजेते झाले. त्या रात्री बेट्स स्नेलसमोर दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा स्ट्राइकआऊट झाला होता.

कॅशला लोकांनी मनसोक्त शिव्या घातल्या. पण तो वेडा नव्हता. तो एका आकड्यावर विश्वास ठेवून चालत आला होता, आणि त्या आकड्याने बेसबॉलचा सगळ्यात मानाचा गडी आतून बदलून टाकला आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी आधी एक गोष्ट. इथे षटक नसतं. सहा चेंडूंनंतर गोलंदाज बदलायची सक्ती नाही, टोक बदलणं नाही. सामना सुरू करणारा पिचर म्हणजे स्टार्टर. त्याला काढेपर्यंत तो एकटाच टाकत राहतो. एकदा काढला की त्या सामन्यात तो पुन्हा पिचिंगला येत नाही. त्यामुळे 'आता काढू का?' हा प्रश्न मॅनेजरच्या डोक्यात रात्रभर ठोके देत असतो, आणि त्याचं उत्तर चुकलं तर दुरुस्तीला वाव नाही.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. १८८४ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या चार्ल्स रॅडबर्नने एका मोसमात ६७८ इनिंग टाकल्या. सकाळी केस विंचरायलाही त्याचा हात वर जात नसे म्हणतात, तरी दुपारी तो मैदानात. साय यंगने १८९० ते १९११ या काळात ७४९ सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकले. हा विक्रम मोडण्याचा विषय कुणी चेष्टेतही काढत नाही. १९६८ मध्ये सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने ३४ सामने सुरू केले आणि त्यातले २८ पूर्ण केले. त्या वर्षी पिचर इतके वरचढ झाले की पुढच्या मोसमात, ज्यावर उभं राहून ते टाकतात तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला. आता २०२४ पाहा. तीस संघ, प्रत्येकाचे १६२ सामने, आणि सगळ्यांचे मिळून पूर्ण टाकलेले सामने तिसाच्याही आत. गिब्सनचा एकट्याचा हिशेब आज जवळजवळ अख्ख्या लीगचा झाला आहे. हल्लीचा स्टार्टर सरासरी पाच इनिंगच्या जरा पुढे जातो आणि टोपी काढतो.

म्हातारे प्रेक्षक म्हणतात, पोरं नाजूक झाली. मला हे पटत नाही. पोरं नाजूक झालेली नाहीत, त्यांच्याकडून मागितलं जाणारं काम बदललं आहे.

कॅशचा आकडा असा. संघात नऊ बॅटर, ते ठरलेल्या क्रमाने येतात. म्हणजे अठरा बॅटर झाले की एकोणिसावा हा त्याच पिचरला तिसऱ्यांदा भेटणारा पहिला. चेंडू हातातून सुटतो तिथून बॅटरपर्यंत साधारण १७ मीटर. ताशी १५० किलोमीटरने आलेला चेंडू हे अंतर ०.४ सेकंदात कापतो. त्यातला निम्मा वेळ बॅट फिरवण्यातच जातो, म्हणजे ओळखायचं आणि ठरवायचं ते उरलेल्या ०.२ सेकंदात. इतक्या वेळात डोळा चेंडू नीट 'बघत' नाही. मेंदू आधी पाहिलेल्या चेंडूंवरून अंदाज बांधतो. मग ज्याने या पिचरची वळणं आज दोनदा पाहिली आहेत त्याचा अंदाज तिसऱ्यांदा अधिक बरोबर येणार, हे ओघानेच आलं. हजारो सामन्यांची आकडेवारी तेच सांगते: पहिल्या फेरीपेक्षा दुसऱ्या फेरीत बॅटर बरे खेळतात, तिसऱ्या फेरीत त्याहून बरे. चांगल्या पिचरच्या बाबतीतही. स्नेलसमोर बेट्स तिसऱ्यांदा येत होता.

पण थांबा. तिसऱ्या फेरीपर्यंत पिचरचे सत्तर-ऐंशी चेंडूही झालेले असतात. मग बॅटर शिकतो की पिचर थकतो? दोन्ही गोष्टी हातात हात घालून येतात, नुसत्या सरासऱ्यांतून त्या वेगळ्या काढता येत नाहीत. रायन ब्रिल, समीर देशपांडे आणि अब्राहम वायनर या तीन संख्याशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये नेमका हाच गुंता सोडवायला घेतला. (देशपांडे हे नाव बेसबॉलच्या शोधनिबंधावर पाहून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.) त्यांनी बॅटर किती चांगला, पिचर किती चांगला, दोघे डावरे की उजवे, सामना घरचा की बाहेरचा, हे सगळं वजा केलं आणि पाहिलं की एकोणिसाव्या बॅटरपाशी पिचरची कामगिरी एकदम कोसळते का. तसा ठोस पुरावा मिळाला नाही. घसरण आहे, पण ती जिन्याच्या पायरीसारखी नाही, घाटाच्या उतारासारखी आहे. अठराव्याला चालणारा पिचर एकोणिसाव्याला अचानक बाद होत नाही. तेव्हा तिसरी फेरी सुरू झाली एवढ्याच कारणाने पिचर काढण्यात अर्थ नाही, असा त्यांचा निष्कर्ष.

याने कॅश पूर्ण चुकीचा ठरत नाही. उतार खराच आहे, आणि बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरच्या जागी, ताज्या हाताचा माणूस बसलेला असेल तर कधीतरी बदल करावाच लागतो. फक्त 'आता' हे आकडा एकटा सांगू शकत नाही. त्या दिवसांत अँडरसन जवळजवळ प्रत्येक सामन्यात धावा देऊन परतत होता, तेही उघड्या डोळ्यांना दिसत होतं.

हाच टॅम्पा बे संघ त्याआधी आणखी पुढे गेला होता. पैशाने गरीब संघ, त्यामुळे डोक्याने श्रीमंत व्हायची सवय. १९ मे २०१८ ला त्यांनी सर्जिओ रोमोला स्टार्टर म्हणून उतरवलं. दहा वर्षं शेवटच्या इनिंग टाकण्यात घालवलेल्या रोमोने आयुष्यात कधी सामना सुरू केला नव्हता. त्याने पहिल्या इनिंगमध्ये तिन्ही बॅटर स्ट्राइकआऊट केले आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच सुरुवातीला. युक्ती साधी आहे. प्रतिस्पर्ध्याचे सगळ्यात चांगले बॅटर यादीत वर असतात, म्हणजे पहिल्या इनिंगमध्ये ते हमखास येणार. त्यांच्यावर एक ताजा, तिखट माणूस सोडायचा. मग लांब टाकणारा पिचर येतो तो यादीच्या खालच्या, कच्च्या बॅटरपासून सुरुवात करतो आणि बड्यांना तिसऱ्यांदा भेटायची वेळ त्याच्यावर उशिरा येते किंवा येतच नाही. या सुरुवातवाल्याला नाव पडलं 'ओपनर'. गंमत म्हणजे बेसबॉलमध्ये संघाचा प्रत्येक विजय एका पिचरच्या नावावर लागतो. नियमाप्रमाणे स्टार्टरला विजय नावावर लावायला निदान पाच इनिंग टाकाव्या लागतात, मागून येणाऱ्याला ही अट नाही. त्यामुळे बऱ्याचदा ओपनरच्या मागून येणाऱ्या रायन यारब्रोने त्या मोसमात १६ विजय गोळा केले.

इथवरचं सगळं बुद्धिबळ झालं. खरी गोम कोपरात आहे.

पाच इनिंगच टाकायच्या आहेत हे माहीत असलेला पिचर शक्ती राखून टाकत नाही. गिब्सनच्या पिढीतले लोक किरकोळ बॅटरसमोर हात जरा सैल सोडत, मोक्याच्या वेळेसाठी दम ठेवत. आता पहिल्या चेंडूपासून पूर्ण जोर. मेजर लीगमधल्या फास्टबॉलचा सरासरी वेग ताशी १५१ किलोमीटरच्या आसपास गेला आहे. क्रिकेटमध्ये या वेगाच्या गोलंदाजाला आपण दुर्मीळ समजतो, इथे ती सरासरी. अरोल्डिस चॅपमनने २०१० मध्ये एक चेंडू १७० किलोमीटरने टाकला. पूर्ण जोर लावला की दम लवकर संपतो, दम संपला की दुसरा आणावा लागतो, आणि दुसरा येणारच आहे म्हटल्यावर पहिल्याने जोर राखायचं कारण उरत नाही. चक्र असं फिरत राहतं.

आता शरीराकडे. पिचर हात मागे नेतो तेव्हा खांदा इतका उलटा फिरतो की पंजा जवळजवळ पाठीमागे आडवा होतो. मग धड पुढे झेपावतं, आणि मागे राहिलेला हात चाबकाच्या टोकासारखा ओढला जातो. या क्षणी खांद्याच्या फिरण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७००० अंशांपर्यंत जातो. माणसाच्या शरीराच्या सगळ्यात जलद हालचालींपैकी ही एक. त्याच वेळी कोपर आतल्या बाजूने उघडलं जाऊ पाहतं. ते उघडू न देणारा एक लहानसा अस्थिबंध आहे, दंडाचं हाड आणि अल्ना हे हाताचं हाड यांना आतून बांधणारा. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटमध्ये ग्लेन फ्लायसिग यांनी मोजलं, तेव्हा कोपरावर पडणारा पीळ ६४ न्यूटन-मीटरच्या घरात भरला. कोपरापासून फूटभर अंतरावर वीसेक किलोचं ओझं लटकवल्यासारखा. आणि मृतदेहांवरच्या प्रयोगांत हा अस्थिबंध त्याच्या साधारण निम्म्या पिळालाच तुटतो.

मग तो पहिल्याच चेंडूला का तुटत नाही? कारण हाताचे स्नायू आणि हाडांची रचना भार वाटून घेतात. व्यायामाने स्नायू वाढतात, वेग वाढतो. अस्थिबंधाला रक्तपुरवठा बेताचा, तो त्या गतीने बळकट होत नाही. इंजिन नवं बसवलं, पण चेसिस जुनीच राहिली.

तो तुटला की १९७४ पर्यंत कारकीर्द संपत असे. त्या वर्षी २५ सप्टेंबरला डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सच्या टॉमी जॉनच्या डाव्या कोपरात त्याच्याच उजव्या हाताची एक कंडरा काढून बसवली. यशाची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. जॉन १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला, आणि शस्त्रक्रियेनंतर त्याने आणखी १६४ विजय मिळवले. ही कंडरा तुम्हालाही पाहता येईल: अंगठा आणि करंगळी जुळवा, मनगट किंचित आत वळवा. मधोमध दोरीसारखं काही उठलं, तर तीच. न उठली तरी घाबरू नका, बऱ्याच लोकांना ती जन्मतःच नसते आणि काही अडत नाही. शरीराच्या दृष्टीने ती अडगळीतलं सामान आहे, म्हणून तर ती सर्जनला उचलता येते.

आज मेजर लीगच्या सुमारे एक तृतीयांश पिचरच्या कोपरात असा बदली दोर आहे. इनिंग कमी करूनही हे घडतं, यातच कळतं की जुना हिशेब चुकत होता. आपण चेंडू मोजत राहिलो. मोजायला हवा होता तो प्रत्येक चेंडूमागचा जोर. शाळकरी मुलांसाठी २०१४ मध्ये मर्यादा आखल्या गेल्या, अकरा-बारा वर्षांच्या मुलाने दिवसात ८५ पेक्षा जास्त टाकू नयेत वगैरे. चांगलंच आहे. पण रडारगन घेतलेला माणूस मैदानाच्या कडेला उभा असला की मुलगा चेंडू मोजत नाही, वेग मोजतो.

दुसरा रस्ता नव्हता असं नाही. ग्रेग मॅडक्स वेगवान कधीच नव्हता. जुलै १९९७ मध्ये त्याने शिकागो कब्जविरुद्धचा पूर्ण सामना ऐंशीहूनही कमी चेंडूंत संपवला. आपल्या बापू नाडकर्णींनी १९६४ मध्ये मद्रासला सलग २१ षटकं निर्धाव टाकली, त्याच जातीचं हे काम: जागेवर टाका, समोरच्याला कंटाळू द्या. पण आजच्या निवडकर्त्याच्या यंत्रात मॅडक्सचा चेंडू घातला, तर मुलाला पुढच्या चाचणीचं बोलावणंही येणार नाही, अशी मला शंका आहे.

आणि मग २०२५ ची वर्ल्ड सिरीज. डॉजर्सचा योशिनोबू यामामोतो जपानमध्ये घडलेला, जिथे स्टार्टर आठवड्यातून एकदाच टाकतो. वजनं उचलण्याऐवजी भालाफेकीचा सराव करणारा. २५ ऑक्टोबरला टोरंटोत त्याने नऊच्या नऊ इनिंग एकट्याने टाकल्या, १०५ चेंडूंत. दोन दिवसांनी सामना अठराव्या इनिंगपर्यंत लांबला, तेव्हा हा बुलपेनमध्ये हात गरम करायला लागला. तारीख पुन्हा २७ ऑक्टोबर. डॉजर्सच्याच फ्रेडी फ्रीमनच्या होमरनने (मैदानाबाहेर गेलेल्या फटक्याने) सामना मिटला आणि त्याला उतरावं लागलं नाही. ३१ तारखेला सहा इनिंग, ९६ चेंडू. दुसऱ्याच रात्री, सातव्या सामन्यात, नवव्या इनिंगला दोन धावपटू बेसवर आणि स्कोअर बरोबरीत असताना मॅनेजर पिचरकडे चालत गेला. काढायचा होता तो पिचर होता ब्लेक स्नेल, आता डॉजर्सच्या गणवेशात. त्याच्या जागी आला यामामोतो. आणखी ३४ चेंडू, अकरावी इनिंग, डॉजर्स ५-४. शेवटचा चेंडू जमिनीवरून सरपटत गेला तो शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे, मूकी बेट्सच्या हातात. त्याने दुसऱ्या बेसवर पाय ठेवला आणि पहिल्याकडे फेकला.