पोकेमॉनमधील उत्क्रांती आणि बलवृद्धी

पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेम मालिकेत खेळाडूने पकडलेला प्राणी लढाया जिंकून अनुभव कमावतो, त्याची लेव्हल वाढते आणि ठरावीक अट पूर्ण झाली की तो एका जातीतून दुसऱ्या, बहुधा मोठ्या आणि ताकदवान जातीत बदलतो. या बदलाला उत्क्रांती म्हणतात. खेळणारी मुले ‘इव्हॉल्व्ह झाला’ म्हणतात. मालिकेतले रेड आणि ग्रीन हे पहिले दोन गेम जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी निन्टेन्डोच्या गेम बॉयवर आले. त्यांत १५१ जाती होत्या. आता ही संख्या हजाराच्या पुढे गेली आहे.

जीवशास्त्रातल्या उत्क्रांतीशी याचा संबंध फारसा नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या समूह बदलत जातो, इथे एकच प्राणी काही क्षणांत बदलतो. हे कीटकांच्या रूपांतरणाच्या जवळचे आहे, आणि तसे असायला कारणही आहे. मालिकेचे जनक सातोशी ताजिरी यांचे बालपण टोकियोजवळच्या माचिदा परिसरात किडे गोळा करण्यात गेले. कॅटरपी नावाची अळी सातव्या लेव्हलला मेटापॉड हा कोश होते आणि दहाव्या लेव्हलला बटरफ्री हे फुलपाखरू. कोशातला मेटापॉड नव्याने एकच चाल शिकतो: अंग टणक करण्याची. नव्या खेळाडूला या तीन लेव्हल कंटाळवाण्या वाटतात, पण धीर धरल्याचे फळ या खेळात काय असते ते त्याला इथेच पहिल्यांदा कळते.

लेव्हल १ ते १०० पर्यंत जाते. मध्यम गतीने वाढणाऱ्या जातींना शंभराव्या लेव्हलसाठी एकूण १०,००,००० अनुभवगुण लागतात; मंद गतीच्या जातींना १२,५०,०००. पण लेव्हल हा ताकदीचा वरवर दिसणारा भाग झाला. खरा हिशेब चार गोष्टींवर चालतो: जातीचे मूळ गुण (हल्ला, बचाव, वेग यांसारख्या प्रत्येक बाबीचा ठरलेला आकडा), त्या एका प्राण्याला जन्मतः मिळालेले गुण (आय.व्ही., ० ते ३१), लढायांतून कमावलेले गुण (ई.व्ही.) आणि स्वभाव. स्वभाव २५ आहेत. त्यांतले २० एक गुण दहा टक्क्यांनी वाढवतात आणि दुसरा तेवढाच घटवतात, उरलेल्या पाचांचा काहीच परिणाम नाही. ही चौकट २००२ च्या रुबी आणि सफायरमध्ये पक्की झाली आणि तिचा गाभा आजही टिकून आहे.

उत्क्रांतीत या चारांपैकी फक्त पहिली गोष्ट बदलते. जन्मतः मिळालेले, कमावलेले आणि स्वभाव, हे तिन्ही तसेच पुढच्या रूपात जातात. या रचनेतली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट हीच आहे, कारण लहान रूपावर घेतलेली मेहनत वाया जात नाही.

मॅजिकार्पचे उदाहरण घेऊ. लाल रंगाचा हा मासा सुरुवातीला नुसता उड्या मारतो, त्याने कुणाला काही होत नाही. पहिली धडक तो पंधराव्या लेव्हलला शिकतो. विसाव्या लेव्हलला त्याचा गॅराडोस होतो. मॅजिकार्पचा हल्ल्याचा मूळ गुण १०, गॅराडोसचा १२५. तटस्थ स्वभाव, जन्मतः ३१ आणि कमाई शून्य धरली, तर विसाव्या लेव्हलला मॅजिकार्पचा हल्ला १५ भरतो आणि उत्क्रांती होताच तोच ६१ होतो. वेगाचा मूळ गुण मात्र ८० वरून ८१, म्हणजे जवळजवळ होता तिथेच. मासा पहिल्यापासून चपळ होताच, मारायला बळ तेवढे नव्हते. जुन्या गेममध्ये त्याला वाढवण्याची युक्ती ठरलेली होती: लढाईत त्याला सर्वांत पुढे उभा करायचा, पहिल्याच पाळीला मागे घ्यायचा आणि दुसऱ्याला लढवायचे. अनुभव दोघांत वाटला जायचा. २०१९ च्या स्वॉर्ड आणि शील्डपासून अनुभव आपोआप सगळ्या चमूला मिळतो, त्यामुळे ही कसरत संपली.

कमावलेले गुण कुणाला हरवले यावर ठरतात. जिओड्यूडला हरवले की बचावात एक गुण पडतो, मॅजिकार्पला हरवले की वेगात एक, गॅराडोसला हरवले की हल्ल्यात दोन. एकूण मर्यादा ५१०. शंभराव्या लेव्हलला दर चार गुणांमागे प्रत्यक्ष बळ एकने वाढते, म्हणून खेळाडू एखाद्या गुणात २५२ भरतात आणि ६३ चा फायदा घेतात. दोन गुण असे पूर्ण भरता येतात, तिसऱ्यासाठी जेमतेम सहा उरतात. प्राणी वेगवान करायचा की चिवट, हे त्यामुळे आधीच ठरवावे लागते.

उत्क्रांतीच्या अटी हा या विषयाचा सर्वांत रंगतदार भाग आहे. लेव्हल ही साधी अट. दुसरी दगडाची: पिकाचूला वज्राचा दगड दिला की रायचू. ईवीला अग्नी, जल आणि वज्र अशा तीन दगडांनी तीन वाटा होत्या, पुढे त्या आठ झाल्या. तिसरी अट अदलाबदलीची. कडाब्रा, मशोक, ग्रॅव्हलर आणि हाँटर पुढच्या रूपात जायचे तर ते केबलने जोडलेल्या दुसऱ्याच्या गेम बॉयवर पाठवावे लागत. केबलमधून किडे इकडून तिकडे जात आहेत अशी ताजिरींची मूळ कल्पना होती. एकट्याने खेळून संपूर्ण संग्रह होऊच नये, हा हट्ट तिच्यातूनच आला.

१९९९ च्या गोल्ड आणि सिल्व्हरने जिव्हाळ्याची अट आणली. गोलबॅटचा क्रोबॅट व्हायला मालकाशी मैत्री वाढावी लागते. सोबत चालल्याने ती वाढते. प्राणी लढाईत बेशुद्ध पडला किंवा त्याला कडू वनौषधी पाजली की घटते. ईवी मैत्रीने दिवसा एस्पियॉन होते आणि रात्री अम्ब्रियॉन. टायरोगची गोष्ट तर आधीच्या हिशेबाला थेट भिडते: विसाव्या लेव्हलला हल्ला बचावापेक्षा जास्त असेल तर हिटमनली, कमी असेल तर हिटमनचॅन, दोन्ही समान असतील तर हिटमनटॉप. इथे कमावलेले गुणही पुढची जात ठरवतात. नंतर अटी आणखी चमत्कारिक झाल्या. इंके तिसाव्या लेव्हलपासून पुढे, कन्सोल उलटा धरलेला असतानाच लेव्हल वाढली तर बदलतो. खेळातल्या गॅलार या प्रदेशातल्या फारफेच्डला एकाच लढाईत तीन वर्मी घाव घालावे लागतात. असल्या अटी कुणी सांगितल्याशिवाय कळणे कठीण, आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत ही माहिती तोंडोतोंड पसरावी असाच त्यांचा घाट आहे.

उत्क्रांती नेहमी फायद्याचीच असते असे नाही. सायथरचा सायझर झाला तरी मूळ गुणांची बेरीज ५०० च राहते. हल्ला आणि बचाव वाढतात, वेग १०५ वरून ६५ वर येतो. २०१० पासून इव्हियोलाइट ही वस्तू अपूर्ण रूपातल्या प्राण्याचे दोन्ही बचाव (साधा आणि विशेष) दीडपट करते, म्हणून स्पर्धेत चॅन्सीला मुद्दाम ब्लिसी होऊ देत नाहीत. लेव्हलने होणारी उत्क्रांती बी बटण दाबून थांबवताही येते. २०१३ च्या एक्स आणि वायमधली मेगा उत्क्रांती लढाईपुरतीच असते. लढाई संपली की प्राणी मूळ रूपात येतो.

इतर मालिकांनी वेगळे मार्ग घेतले. मेगामी तेन्सेईत (१९८७) दोन राक्षस एकत्र करून तिसरा घडवतात. बंदाईच्या १९९७ च्या डिजिमॉन खेळण्यात प्राण्याची निगा कशी राखली यावर पुढचे रूप ठरते. हयगय झाली तर दुबळे रूप वाट्याला येते.

भारतात पोकेमॉन गो डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या सहकार्याने अधिकृतपणे आला आणि जिओची दुकाने नकाशावर थांबे म्हणून उमटली. या मोबाइल गेममध्ये लेव्हलऐवजी त्या त्या जातीच्या कँडी जमवाव्या लागतात: कॅटरपीचा मेटापॉड व्हायला १२, मॅजिकार्पचा गॅराडोस व्हायला ४००. प्राणी पकडून आणि सोबतीला घेऊन चालत कँडी मिळतात. केबलची जुनी अटही २०२० मध्ये इथे नव्या रूपात आली: कडाब्रा किंवा मशोक मित्राशी अदलाबदल करून मिळाला असेल, तर त्याच्या पुढच्या उत्क्रांतीला एकही कँडी लागत नाही.