एरिक (प्राचीन आयरिश कायद्यातील भरपाई)

खून करणाऱ्याने मृताच्या भाऊबंदांना भरून द्यायची रक्कम म्हणजे एरिक. आयर्लंडचे जुने कायदेग्रंथ सातव्या-आठव्या शतकांत लिहिले गेले. फाशीपेक्षा त्यांचा भर भरपाईवर होता. ब्रेहन हा न्यायाधीश निवाडा सांगे, पण वसुली करायला सरकारी शिपाई नव्हते. जामीनदार आणि भाऊबंद यांच्या दबावावरच सगळे चाले.

भरपाईचे दोन भाग असत. जिवाची किंमत स्वतंत्र पुरुषासाठी सरसकट 7 कुमाल. कुमाल या शब्दाचा मूळ अर्थ दासी. हिशोबात ते एक माप झाले आणि ते बहुधा 3 दुभत्या गायींइतके धरत. दुसरा भाग अब्रूचा. त्याच्या आयरिश नावाचा शब्दशः अर्थ ‘तोंडाची किंमत’, आणि ‘तोंड दाखवायला जागा उरली नाही’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. ही किंमत मात्र दर्जाप्रमाणे बदले: लहान राजाची 7 कुमाल, तर कनिष्ठ शेतकऱ्याची 3 सेत, म्हणजे साधारण दीड गाय. बाईची किंमत बहुधा बापाच्या किंवा नवऱ्याच्या निम्मी. अब्रूची किंमत गमावताही येई. लढाईतून पळताना पाठीवर जखम झालेल्या राजाची किंमत घसरे. प्रेत दडवून केलेल्या खुनाला दुप्पट दंड होता. खुनी पळाला तर बोजा त्याच्या भाऊबंदांवर येई. रक्कम कोणीच भरली नाही, तर पकडलेल्या खुन्याला मारायचे की गुलाम म्हणून विकायचे, हे मृताच्या घरचे ठरवत.

जखमांचे नियम जास्त बारीक आहेत. नऊ दिवस वाट पाहून वैद्य आपले मत देई. रोगी वाचण्यासारखा असेल, तर त्याच्या शुश्रूषेचा खर्च मारणाऱ्यावर पडे. रोग्याच्या घरात कुत्र्यांची भांडणे, आरडाओरडा, वेड्यांचा वावर चालत नसे. जखम धान्याच्या दाण्यांनी मोजत: राजासाठी गव्हाचा दाणा, खालच्या माणसासाठी घेवड्यासारखे मोठे बी. जखम तेवढीच, पण राजाच्या जखमेत दाणे जास्त बसत!

मधमाश्यांवरही स्वतंत्र कायदेग्रंथ आहे. दंश होऊनही माशी न मारणाऱ्याला पोळ्याच्या मालकाकडून मधाचे जेवण मिळे. तारा या आयर्लंडमधील प्राचीन राजपीठाचा राजा काँगल केख याचा डोळा मधमाश्यांमुळे गेला आणि त्याबरोबर गादीही गेली, असे त्यात नोंदले आहे.

प्रतिवादी बडा असेल तर फिर्यादी त्याच्या दारात उपाशी बसे. तो उपाशी असताना तारण न देता जेवणाऱ्याला दुप्पट भरावे लागे. आपल्याकडच्या धरण्याशी असलेले हे साम्य हेन्री मेन यांनी 1875 मध्ये दाखवले; त्याआधी ते हिंदुस्थान सरकारचे विधी सदस्य होते.

खून पैशांवर मिटतो, हे इंग्रजांना खुपत असे. इंग्रज कवी एडमंड स्पेन्सर यांनी 1596 च्या सुमारास त्यावर टीका केली. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी कायदा देशभर लागू झाला आणि ब्रेहनांची न्यायव्यवस्था संपली.