पालवी, पाखरू आणि तारखा : टर्कीच्या वसंतातल्या शिकारीची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या रानांत टर्कीची, म्हणजे कोंबडीच्या कुळातल्या मोठ्या रानपक्ष्याची, शिकार दोनच गोष्टींवर चालते, कान आणि संयम. ओक-हिकरीची झाडं उघडीबोडकी असतात तेव्हा नर टर्कीचं आरवणं शांत पहाटे दीड किलोमीटरवरूनही ऐकू येतं. पालवी भरली की तोच आवाज पानांत मुरतो. पक्षी लांब आहे असं वाटून शिकारी पुढे सरकतो आणि हाकेच्या अंतरावरचा नर उडवून लावतो. अर्थात पानांचा फायदाही आहे. टर्कीची नजर फार तीक्ष्ण. उघड्या रानात तिच्यापासून साधी हालचाल लपत नाही. पानांच्या आडोशाने जवळ जाऊन बसता येतं आणि मादीचा आवाज काढून नराला बोलावता येतं. पण तो आवाज काढणारा दुसरा शिकारीही त्याच पानांत दडलेला असतो. म्हणून पक्षी पुरता दिसल्याशिवाय बार न टाकण्याचा नियम दाट पालवीत जिवाच्या मोलाचा ठरतो.

जंगलतोड आणि बाजारासाठीची बेसुमार शिकार यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बऱ्याच राज्यांत टर्की उरलीच नव्हती. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. पाळून सोडलेले पक्षी रानात तगत नव्हते. १९५०च्या दशकात स्फोटाने झेपावणारी जाळी आली, त्यांत रानटी कळप धरून ते रिकाम्या जंगलांत सोडले गेले, आणि मग चित्र पालटलं. मिसूरीने १९३७मध्ये बंद केलेली शिकार १९६०मध्ये पुन्हा खुली केली, तीही वसंतात. पेनसिल्व्हेनियाचा वसंत हंगाम १९६८चा. दक्षिणेत ही प्रथा जुनीच होती.

वसंतच निवडण्यामागे हिशेब आहे. एक नर अनेक माद्यांशी जुगतो. तेव्हा माद्या अंड्यांवर बसल्यानंतर काही नर मारले गेले तरी पुढच्या पिढीला फारसा धक्का लागत नाही. मादी जमिनीवरच, झुडपांच्या आडोशाला १०-१२ अंडी घालते आणि सुमारे २८ दिवस उबवते. कोवळी पालवी तिलाही लपवते. माद्या बसल्या की एकटे पडलेले नर पुन्हा जोरात आरवू लागतात, पण तोवर पानं दाट झालेली असतात.

विणीचा काळ मुख्यतः वाढत्या दिवसाच्या उजेडावर ठरतो, पालवी मात्र उष्णतेवर. उबदार वर्षी झाडं लवकर फुटतात, पाखराचं वेळापत्रक फारसं हलत नाही आणि हंगामाच्या तारखा तर आधीच जाहीर झालेल्या असतात. टेनेसीने २०२३पासून हंगाम दोन आठवडे पुढे ढकलून एप्रिलच्या मध्यावर नेला. यात शिकाऱ्याच्या वाट्याला उघडं रान कमी येतं. तरीही मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण कळपातले वरचढ नर जोड्या जमण्याआधीच मारले गेले तर त्याचा फटका थेट विणीला बसू शकतो.